इंजिनाच्या कॉम्प्युटरला वाहिलेलं कुंकू

एका गाडीच्या कॉम्प्युटरचं झाकण उघडून मी त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. त्यावर अक्षता, अक्षतांवर झेंडूचं फूल. हे काही पोरवयातलं नाही. घरात सून आली होती, नाकावर चष्मा आला होता आणि गाडीच्या वायरिंगमधलं आपल्याएवढं जालन्यात कुणालाच कळत नाही, अशी माझी पक्की समजूत झालेली होती. तेव्हाची ती बाई, म्हणजे मीच, आज मला बाजारात भेटली तर मी दुसऱ्या गल्लीनं जाईन.

या अंकासाठी धंद्यातलं काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा माझी नात लगेच म्हणाली, कुंकवाचंच लिही, तुझ्या बाकीच्या बढाया कोण वाचणार. नात इंजिनियरिंगला आहे, तिची खरं बोलायची सवय अजून गेलेली नाही. तर कुंकवाचंच लिहिते. बढाया मात्र अधूनमधून येतील, त्याला माझा इलाज नाही.

आमचं दुकान जुन्या जालन्यात. एका बाजूला धान्याची आडत, दुसऱ्या बाजूला रहीम मिस्त्रींचं इंजिनाचं गॅरेज आणि मध्ये आमचं ऑटो इलेक्ट्रिक. दुकान सासऱ्यांचं, पुढं ह्यांचं. मी त्यात शिरले ती आर्मेचर गुंडाळायला. ट्रक-ट्रॅक्टरचे सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करायच्या मोटरी, जळून यायचे, त्यातली तांब्याची तार नव्यानं गुंडाळावी लागायची. हे काम बाईला घरात बसून, वरण शिजता शिजता करता येतं, असं सासऱ्यांचं मत. मी गुंडाळलेलं पहिलं आर्मेचर उलटं फिरलं. आमचे हे फार कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी ते फिरताना नीट बघून घेतलं आणि विचारलं, "ट्रॅक्टर रिव्हर्समध्येच चालवायचाय का?" त्या वर्षातलं ते त्यांचं सगळ्यात लांब वाक्य असावं.

पुढं गाड्यांत कॉम्प्युटर आले आणि भल्याभल्या मिस्त्रींनी हात वर केले. रहीम मिस्त्री म्हणजे इंजिनाच्या आवाजावरून दुखणं सांगणारा माणूस, पण कॉम्प्युटरचं नाव काढलं की त्यांची मान हलायची. "भाभी, इंजन में तेल रहता. ये डब्बा कायकू?" डब्याला हात कोण लावणार? ह्यांनी माझ्याकडं बघितलं. बारीक वायरी, बारीक पिना, बारीक अक्षरातलं इंग्रजी पुस्तक. आर्मेचर गुंडाळणाऱ्या बोटांना हे जमेल, असं त्यांना वाटलं असावं. बोटांना जमलं. इंग्रजीला वेळ लागला.

आता हा डबा काय करतो ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इंजिनाच्या प्रत्येक फेरीला दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. पेट्रोल किती फवारायचं आणि ठिणगी कधी टाकायची. जुन्या गाड्यांत कार्बोरेटर वगैरे मंडळी हे आपापल्या अकलेनं करायची. नव्या गाडीत डबा करतो. इंजिन किती वेगानं फिरतंय, आत हवा किती येतेय, पाणी किती तापलंय, ड्रायव्हरनं पाय किती दाबलाय, हे सगळं वायरीतून त्याच्याकडं येतं. त्याच्या पोटात कंपनीनं भरून दिलेला एक तक्ता असतो. तक्त्यात बघायचं आणि हुकूम सोडायचा. शिकलेले त्याला ईसीयू म्हणतात. आमच्या गल्लीत तो डबाच.

कंपनीचा डबा सरळमार्गी. जसं शिकवलं तसंच करणार. शर्यतीसाठी इंजिन बदललं, हवेची वाट मोठी केली, पेट्रोलचे इंजेक्टर मोठे बसवले, तरी हा आपला जुन्याच तक्त्यात बघत बसतो. पंगतीला माणसं वाढलेली दिसत असूनही रोजच्याच मापानं पीठ मळावं, तसं. मग गाडी उपाशी तरी राहते नाहीतर पेट्रोल पिऊन खोकते. म्हणून शर्यतवाले बाहेरून दुसरा डबा आणतात. तोही तीन तऱ्हांनी करता येतो. कंपनीच्याच डब्यातला तक्ता बदलून लिहायचा, ही एक तऱ्हा. दुसरीत एक छोटा डबा मध्ये बसवतात, तो कंपनीच्या डब्याला खोटं सांगून आपलं काम काढून घेतो. आणि तिसरीत कंपनीचा डबा काढूनच टाकायचा आणि नवा लावायचा. त्याला काहीच येत नसतं. सगळं आपण शिकवायचं. काम वाढतं, पण आपल्या मनासारखं करून घेता येतं. मला पहिल्यापासून तिसरी तऱ्हा आवडते. दुसरी, खोटं सांगून काम काढून घ्यायची, मला घरात पुरेशी माहीत होती.

गिऱ्हाइकं एकेक यायची. एकाला सायलेन्सरमधून जाळ निघायला पाहिजे होता, लग्नाच्या वरातीत. त्याला मी शेगडीच्या दुकानाचा पत्ता दिला. एक जण मित्राच्या गाडीत आहे तोच डबा द्या म्हणाला, पण मित्रापेक्षा चांगला. एकानं तर डबा आधीच विकत आणला आणि गाडी कुठली घ्यावी हे विचारायला आला. सगळ्यांना वाटायचं, डबा बसवला की ताकद वाढते. ताकद इंजिनात असते. डबा फक्त ती वाया जाऊ देत नाही. हे मी इतक्या वेळा सांगितलंय, की नंतर नंतर रहीम मिस्त्रीच माझ्याआधी बोलून मोकळे व्हायचे.

डबा निवडायला आलेल्याला मी तीनच प्रश्न विचारते. इंजिनात काय काय बदललंय? गाडी कुठं पळवणार, डांबरावर का मातीत? आणि कंपनीचा डबा तुम्हाला नेमकं काय करू देत नाही? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लोक लांबलचक देतात. तिसऱ्याला गप्प होतात. तिसऱ्याचं उत्तर ज्याच्याजवळ नाही, त्याला मी डबा विकत नाही, चहा पाजते.

सुभाष आला तेव्हा माझी नात नुकती अंगणवाडीत जायला लागलेली. सुभाष भोकरदन तालुक्यातला, पिंपळगाव रेणुकाईचा. घरची शेती, जालन्यात बियाण्यांचं दुकान. लहानपणी पोलिओनं त्याचा डावा पाय गेलेला, काठी घेऊन चालायचा. पंधरा वर्षं तो मातीतल्या शर्यतींना जात होता. गाड्या तयार करायचा, टायर बदलायचा, दुसऱ्यांच्या वेळा मोजायचा, सगळ्यांना पाणी आणून द्यायचा. चालवायचं सोडून सगळं. क्लच डाव्या पायाचा, त्यामुळं विषय तिथंच संपायचा. मग त्यानं एक जुनी पेट्रोल गाडी घेतली, रहीम मिस्त्रींकडून इंजिन नवं बांधून घेतलं आणि लेथवाल्याकडून स्टिअरिंगजवळ क्लचचा हातानं ओढायचा दांडा बनवून घेतला. गाडी जागेवरून मस्त निघायची. पुढं पंचाईत.

मी तिसरा प्रश्न विचारला. तो गप्प झाला नाही.

"काकू, एक हात स्टिअरिंगला. दुसरा गिअरला. मंग क्लच ओढायला तिसरा हात कुठून आणू?"

असं नेमकं उत्तर मला आजवर दुसऱ्या कुणी दिलेलं नाही. त्याला ताकद नको होती, जाळ नको होता, रंगीत पडदा नको होता. तिसरा हात पाहिजे होता. बदनापूरजवळ दिवाळीआधी एका रानात शर्यत भरणार होती आणि भरवणाऱ्यांनी त्याला पहिल्यांदाच होकार दिला होता. अट एवढीच, की तपासनीस साहेबांना गाडी त्याच्या ताब्यात राहते हे पटलं पाहिजे. नाही पटलं, तर पुन्हा पाणी वाटायचं काम.

आता यातली गंमत सांगते. इंजिन जोर लावत असतं तेव्हा गिअरचे दाते एकमेकांत घट्ट बसलेले असतात. क्लच दाबून आपण तो जोर सोडवतो, म्हणून गिअर निघतो. पण इंजिनानंच क्षणभर जोर सोडला तर? डब्याला सांगायचं, बाबा, मी गिअरच्या मुठीवरचं बटण दाबलं की पापणी लवेपर्यंत ठिणगी बंद ठेव. तेवढ्यात गिअर वरचा पडतो. ठिणगी परत चालू. गिअरबॉक्स थोडा कुरकुरतो, पण ऐकतो. खालचा गिअर टाकायचा तो वळणाआधी ब्रेक मारताना, तेव्हा हातानं क्लच ओढायला सवड असते.

हे करणारा डबा शोधायला मला गणपती ते घटस्थापना लागली. शर्यतवाले ज्याचं नाव घेतात तो डबा राळ ओतून बंद केलेला, पाण्यात बुडवला तरी चालेल असा. पण त्यात गिअरच्या बटणाची सोय नव्हती, ती त्याच्या थोरल्या भावात होती आणि थोरला भाऊ सुभाषच्याच काय, माझ्याही ऐपतीबाहेरचा. दुसरा एक होता, साधा ॲल्युमिनियमचा, चार स्क्रूंचं झाकण, साधे कपलर. कपलर म्हणजे वायरींचा जुडगा जिथं डब्यात घुसतो ते सॉकेट. ओलीपासून जपा, असं त्याच्या कागदावर छापलेलं होतं. पण त्यात बटणाची सोय होती आणि बनवणारा माणूस फोन उचलायचा. फोन उचलणं ही गोष्ट डबा निवडताना लोक बघत नाहीत, मी आधी तीच बघते. मी तो साधा डबा घेतला. बसवला कुठं, तर आत, डॅशबोर्डखाली, ओल लागायला नको म्हणून. इथपर्यंत मी शहाणी होते.

वायरिंग मी केलं. सुभाष रोज दुकान बंद करून यायचा आणि स्टुलावर बसून वायरी सोलायचा. एकदा इंजिन सुरू करताना मी डब्याला एक गोष्ट चुकीची सांगितली. इंजिनाच्या पुलीला दातेरी चाक असतं आणि त्यातला एक दात मुद्दाम काढलेला असतो. ती फट समोरून गेली की डब्याला कळतं, फेरी पुरी झाली. माझ्याही पुढच्या दातांत तेव्हा फट होती, त्यावरून सुभाष मला चिडवायचा. त्या चाकाची फट मी भलत्याच ठिकाणी सांगितली. किल्ली फिरवल्याबरोबर सायलेन्सरमधून असा बार निघाला, की आडतीवरची कबुतरं उडाली आणि हमालांनी पोती टाकून दिली. रहीम मिस्त्री गॅरेजमधून बाहेर आले, इंजिनावर हात ठेवला आणि म्हणाले, "भाभी, इंजन मैंने बनाया. जरा प्यार से."

मग जमलं. स्टील कारखान्याच्या मागच्या मोकळ्या आवारात आम्ही गाडी फिरवली. मी शेजारच्या सीटवर लॅपटॉप मांडीवर घेऊन, पदर कमरेला खोचून. सुभाषनं पहिला टाकला, दांडा सोडला, वेग घेतला, अंगठ्यानं बटण दाबलं आणि मूठ मागं ओढली. गाडीला हिसका सुद्धा बसला नाही. त्यानं गाडी थांबवली. माझ्याकडं न बघता त्यानं ते पुन्हा केलं. मग पुन्हा. मी लॅपटॉपमध्ये बघत असल्याचं सोंग करत बसले, कारण त्याला त्या वेळी कुणी बघावं असं मला वाटलं नाही.

मग आली खंडेनवमी. हत्यारांच्या पूजेचा दिवस. आमच्याकडं पाने, पक्कड, मीटर, सोल्डरिंगची कांडी, सगळं पाटावर मांडतात. रहीम मिस्त्री त्यांचे पानेही आणून आमच्या पाटावर ठेवतात, त्यांच्या वडिलांपासूनची पद्धत. गाडी दुकानासमोर उभी. नवा डबा आत डॅशबोर्डखाली अंधारात. आता त्या अंधारात जाऊन पूजा करायची तर ती कुणाला दिसणार? खरं कारण हेच. बसस्टँडकडचे ऑटो इलेक्ट्रिकवाले त्या दिवशी गल्लीत येऊन-जाऊन होते, आणि बाईनं रिकामा डबा बसवलाय असं त्यांच्यातलं कुणीतरी बोलल्याचं माझ्या कानावर आलं होतं. मी डबा काढला, कपलर सोडवले, झाकणाचे चारी स्क्रू काढले आणि तो उघडा डबा, सोनेरी पिना वर करून, पाटावर मधोमध ठेवला. लग्नात रुखवत मांडतात तसा.

रहीम मिस्त्री एवढंच म्हणाले, "भाभी, झाकन लगा लेव पहले."

मी म्हणाले, "मिस्त्री, देवाला बंद डबा दाखवायचा का?"

आणि वाहिलं. चांगली चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू, अक्षता, फूल. बसस्टँडवाले वाकून वाकून बघत होते. मला काय वाटलं म्हणून सांगू. नंतर मी डबा फुंकून साफ केला, फडक्यानं पुसला, झाकण लावलं, कपलर बसवले. गाडी सुरू केली, बराबर चालली. कुंकू कोरडं असेपर्यंत वीज त्यातून जात नाही, त्यामुळं मला पत्ताही लागला नाही. आजही खंडेनवमीला आमच्याकडं सगळी पूजा होते. डबे मात्र बंद असतात, आणि झाकणाचे स्क्रू मिस्त्री स्वतः तपासतात.

शर्यत दसऱ्यानंतरच्या रविवारी. मूग काढून मोकळं झालेलं रान, रोलर फिरवून घट्ट केलेलं, मध्ये नारिंगी कोन मांडून वाट केलेली. दोन फेऱ्या मिळायच्या, त्यातली चांगली वेळ धरायची. गाड्या आदल्या संध्याकाळीच नेऊन रानात उभ्या करायच्या होत्या. ऑक्टोबरातलं आमच्याकडचं दंव ज्यानं पाहिलंय, त्याला पुढचं कळलं असेल. सकाळी गाडीच्या काचा धुतल्यासारख्या झाल्या होत्या, आतल्या सीटसुद्धा गार लागत होत्या. मी काच पुसली. कपलर उघडून बघायचं मला सुचलं नाही.

तपासनीस साहेब पुण्याहून आलेले, मऊ बोलणारे. त्यांनी सुभाषला गाडी थांबवायला, निघायला, वळवायला लावलं, हाताचा क्लच स्वतः ओढून बघितला आणि त्याला शर्यतीला सोडलं. सुभाषनं हेल्मेट घातलं. रहीम मिस्त्रींनी बॉनेटवर हात फिरवला. झेंडा पडला.

गाडी निघाली आणि वेग घ्यायला सुभाषनं पाय दाबल्याबरोबर खोकली. हिसका बसला, बंद पडली. परत सुरू केली, परत हिसका, परत बंद. तिसऱ्यांदा तेच.

दोरीपलीकडं शे-दोनशे माणसं असतील. कुणी हसलं नाही, हसले असते तर बरं होतं. माझ्यामागं एक बाई म्हणाली, "पाय न्हाई ना त्याला, बिचाऱ्याला." एक जण म्हणाला, "क्लच सुटून राह्यला हातातून. जाऊ द्या, इथवर आला तेच लई." आणि भोंग्यावरच्या माणसानं, अगदी चांगल्या मनानं, सुभाषभाऊंच्या हिमतीसाठी टाळ्या वाजवायला सांगितलं. सगळ्यांनी वाजवल्या. सुभाष हेल्मेट न काढता, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला. टाळ्या थांबेपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

गाडी ढकलत बाजूला आणली. साहेब आले. दुसरी फेरी दुपारी आहे, पण कारण कळल्याशिवाय सोडता यायचं नाही, असं त्यांनी मला सांगितलं. हाताचा क्लच सुटत असेल तर गाडी माणसांत जाईल, त्यांचंही बरोबर होतं.

मी लॅपटॉप लावला. गाडी जागेवर नीट चालत होती, इंजिनाचा वेग वाढवला की मरत होती. मग पडद्यावर दिसलं, गिअरच्या बटणाची खूण लुकलुकत होती. बटणाला कुणाचा हात नव्हता. इंजिन हळू फिरत असताना बटणानं काम करू नये, असं मीच शिकवून ठेवलं होतं, म्हणून सकाळच्या तपासणीत काही कळलं नाही. मी बटणाची वायरच सोडवली. खूण तरी लुकलुकतेच. म्हणजे डब्याला कुणीतरी दुसरंच सांगत होतं, की मालकानं बटण दाबलंय, ठिणगी बंद ठेव. मी डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि कपलर ओढून काढला.

आत लालभडक. ओल खाऊन कुंकवाचा लगदा झालेला आणि तो बटणाच्या पिनेपासून शेजारच्या पिनेपर्यंत पसरलेला. त्यात एक अख्खा तांदूळ.

तिथं, डोकं खाली आणि पाय दाराबाहेर अशा अवस्थेत, मला माझं सगळं आयुष्य आठवलं असं म्हणणं जास्त होईल, पण खंडेनवमी पुरी आठवली. किटमध्ये सर्किटवर मारायचा फवारा आणि जुना टूथब्रश असतोच. मी पिना घासायला आणि पदरानं पुसायला लागले.

बाहेरून साहेबांनी विचारलं, काय निघालं?

मी म्हणाले, ओल.

खोटं नव्हतं ते. पण ओल कुठून आली, सगळ्याच गाड्या रानात होत्या, बाकीच्या तर चालल्या, असं ते म्हणाले. मग सावकाश, सुभाषला लागू नये अशा आवाजात, त्यांनी विचारलं, हाताचा क्लच नक्की बराबर आहे ना, त्यांना जमतंय ना? मी वाकड्या मानेनं बाहेर बघितलं. साहेबांची नजर सुभाषच्या पायावर. मागं, शर्यत बघायला आलेल्या बसस्टँडवाल्यांची पायावर. सगळ्यांची. आणि काठीवर टेकून उभा असलेला सुभाष, तोही खाली, स्वतःच्या पायाकडंच बघत होता.

मी गप्प राहिले. किती वेळ ते सांगता यायचं नाही, फार नसेल. एक शब्द बोलले की बसस्टँडपासून धान्याच्या मोंढ्यापर्यंत माझं हसू होणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. डबा निवडला बरोबर, वायरिंग केलं बरोबर, मग ओलीवर भागत असेल तर भागू द्यावं, असं वाटलं. या धंद्यात मी तारा जाळल्या, कबुतरं उडवली, त्याचं मला काही वाटत नाही. तेवढं गप्प राहिल्याचं अजून वाटतं.

मग मी बाहेर आले आणि लाल झालेला पदर साहेबांपुढं धरला.

"कुंकू आहे साहेब. डबा उघडून मीच वाहिलं. त्याच्या पायाचा काही संबंध नाही."

साहेबांना ते कळेना. काय वाहिलं, कशाला वाहिलं, कॉम्प्युटरला का वाहिलं, हे सगळं मला पहिल्यापासून, त्या सगळ्या माणसांपुढं, सांगावं लागलं. बसस्टँडवाल्यांतला एक जण हसून हसून खाली बसला. रहीम मिस्त्री आभाळाकडं बघत होते. मी सांगून थांबले तेव्हा आमचे हे, जे सकाळपासून एक शब्द बोलले नव्हते, म्हणाले, "तांदूळ पण दाखव."

मी तांदूळ पण दाखवला.

साहेबांनी मग इंजिन वेगानं चालवून बघितलं, पडद्यावरची खूण शांत आहे याची खात्री केली, सुभाषला पुन्हा एकदा निघायला-थांबायला लावलं आणि दुसऱ्या फेरीला परवानगी दिली.

दुपारी रान चांगलं तापलं होतं. झेंडा पडला, सुभाषनं दांडा सोडला आणि गाडी अशी निघाली की मागच्या धुरळ्यात आम्ही सगळे दिसेनासे झालो. पहिल्या सरळ वाटेला मी कान देऊन ऐकत होते. एक बारीक खंड, ठिणगी तुटल्याचा, आणि लगेच दुसऱ्या गिअरचा आवाज. पुढं तिसऱ्याचा. माझ्या बाजूला रहीम मिस्त्री प्रत्येक गिअरला मान डोलवत होते, गाणं ऐकावं तशी. शेवटच्या वळणावर मागचं चाक लागून एक कोन उडाला. गाडी पूर्ण फेरी करून आली आणि बरोबर जिथं थांबायला पाहिजे तिथं थांबली.

कोन पडला की वेळेत दंडाचे सेकंद मिळवतात. भोंग्यावरचा माणूस म्हणाला, पहिलीच शर्यत आहे, सुभाषभाऊंना कोन माफ. सुभाषनं खिडकीतून हात बाहेर काढून नको नको केलं आणि दंड लावायला लावला. दंड धरून त्याचा नंबर ना पहिल्यांत आला ना शेवटच्यांत, मध्येच कुठंतरी. त्याच्या पुढच्याला आणि मागच्याला जशा टाळ्या मिळाल्या, तशाच त्यालाही मिळाल्या, म्हणजे चार माणसांच्या.

मी एका बाभळीखाली बसून पदराचा लाल डाग चोळत होते. तो काठी टेकत माझ्याकडं आला, पार घामानं आणि धुळीनं भरलेला. पहिली फेरी माझ्यामुळं वाया गेली, चारचौघांत तुला मान खाली घालावी लागली, माझं चुकलं, असं मी त्याला म्हणायला लागले. त्यानं मला पुरं बोलू दिलं नाही. शेजारी बसला, काठी आडवी ठेवली आणि म्हणाला,

"काकू, लहानपणापासून माझं काही बी अडलं, की लोक आधी पायाकडं बघत्यात. मी बी बघतो. आज पहिल्यांदा दुसऱ्याच कुणाची चूक निघाली. लई बरं वाटून राह्यलं. असंच अधूनमधून चुकत जा."